आपली मॅट, आपल्या मापाची

मुलांनो,

फळ्यावर लिहिलेलं एक साधं वाक्य किती घोटाळा करू शकतं, त्याची गोष्ट आज सांगते. घोटाळा दुसऱ्या कुणाचा नाही, तुमच्या या बाईंचाच आहे. तेव्हा हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर आणि २१ जूनला असतो आंतरराष्ट्रीय योग दिन. २०१५ पासून तो जगभर साजरा होतो. म्हणजे नव्या वह्यांना कव्हरं घालून होताहेत तोच योग दिन दारात उभा! त्या गडबडीत मी फळ्यावर लिहिलं, 'शुक्रवारी सरावाला येताना सर्वांनी योगा मॅट आणावी.' मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून वर्गात एकच विषय. कुणाची मॅट गुलाबी, कुणाच्या मॅटवर कार्टून, कुणाची मामाने पाठवलेली.

आणि दुसऱ्या दिवसापासूनच एक मुलगी शाळेत येईना. तिचं नाव सांगत नाही, कारण ती हे पान वाचते. पावसाळा सुरू झालेला, म्हटलं ताप आला असेल. संध्याकाळी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. घर येरवड्यातच, शाळेपासून दहा मिनिटांवर. तिची आई पोळ्या लाटत होती. मला पाहून ती गडबडून उठली.

"बाई, ताप-बीप काही नाही हो तिला. मॅट नाही म्हणून येत नाही. म्हणते, बाई रागावतील. दुकानात विचारून आले मी. पण पगार झाल्याशिवाय नाही जमायचं."

दाराआडून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मला काय बोलावं सुचेना. डीएडला असताना आम्हाला शिकवलं होतं, मुलाला काही आणायला सांगण्याआधी त्याच्या घराचा विचार करा. तो धडा मी परीक्षेत लिहून मोकळी झाले होते!

तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे एक जाडजूड सतरंजी गुंडाळून उभी केली होती. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, सुती, घट्ट विणीची. "ही कुणाची?" मी विचारलं. "आजोबांची. इथल्याच जेलच्या दुकानातून आणलेली," दाराआडून उत्तर आलं.

येरवड्यातल्या मुलांना हे दुकान माहीत असेल. येरवडा मध्यवर्ती कारागृहातले कैदी सतरंज्या विणतात, लाकूडकाम करतात आणि त्या वस्तू बाहेर विक्रीला ठेवतात. या तुरुंगाचं आणि सुताचं नातं तसं जुनंच आहे. गांधीजी इथे बंदी होते तेव्हा ते रोज सूत कातत. पेटीत मिटून ठेवता येणारा जो छोटा चरखा तुम्ही चित्रात पाहता ना, त्याला 'येरवडा चक्र' असंच नाव आहे, बरं का!

"उद्या हीच घेऊन ये," मी म्हटलं. दाराआडचे डोळे बाहेर आले.

शुक्रवारची फजिती

शुक्रवारी सराव सुरू झाला. मी खास नवी मॅट घेतली होती. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, एकदम जाड घ्या, मऊ आहे." मीही खूश. गादीसारखी मऊ, बोटभर जाड, जांभळी मॅट! मी ऐटीत तिच्यावर उभी राहिले आणि मुलांना वृक्षासन दाखवायला लागले. एक पाय उचलला, तळवा दुसऱ्या मांडीला लावला, हात वर नेले आणि लागले की डुलायला! वाऱ्यातल्या ताडासारखी इकडून तिकडे. शेवटी पाय टेकलाच. वर्गात खसखस पिकली.

मग सूर्यनमस्कार. हात पुढे, पाय मागे, कंबर वर, म्हणजे पर्वतासन. आपली सतरंजीवाली मुलगी छान पर्वत करून उभी राहिली आणि सूऽऽर करून सतरंजीसकट पुढे घसरली. हनुवटी थोडक्यात वाचली. फरशी गुळगुळीत, त्यात पावसाची ओल. दोष तिचा नव्हता. पण तिचा चेहरा एवढासा झाला. तिला वाटलं, आपल्याकडे खरी मॅट नाही म्हणून हे झालं.

मी सराव थांबवला आणि सगळ्यांना गोल बसवलं. विचारलं, "माझी मॅट महागाची. मग मी का डुलले? आणि हिची सतरंजी का घसरली?"

तुम्हीही वाचता वाचता क्षणभर थांबा आणि विचार करा.

उत्तर असं आहे. मॅटला दोन बाजू असतात. वरची बाजू आपल्या हातापायांना धरते, खालची बाजू जमिनीला धरते. या धरून ठेवण्याला विज्ञानात घर्षण म्हणतात. दोन्हीकडे घर्षण हवं. सतरंजीची वरची बाजू उत्तम होती, हात तिच्यावरून अजिबात सरकले नव्हते. फसली ती खालची बाजू. माझ्या मॅटचं घर्षण दोन्हीकडे ठीक होतं, पण ती इतकी मऊ होती की पायाखालची जमीनच हलती झाली. एका पायावर तोल सांभाळायचा तर तळव्याला घट्ट जमीन लागते. गादीवर उभं राहून वृक्षासन करून पाहा, लगेच पटेल.

म्हणजे दोन्ही मॅटमध्ये एकेक उणीव होती. आणि सतरंजीची उणीव दूर करणं सोपं होतं! गालिचा सरकू नये म्हणून त्याच्याखाली घालायची रबरी जाळी बाजारात मिळते. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, बोहरी आळीतून ती जाळी आणली आणि सतरंजीच्या मापाची कापून तिच्याखाली घातली. पुन्हा पर्वतासन. सतरंजी जागची हलली नाही!

गालिच्याखालून आलेली मॅट

आता गंमत ऐका. आम्ही हा शोध लावला म्हणून खूश होतो. पण तो आमच्या आधीच लागलेला होता आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो.

अँजेला फार्मर नावाच्या एक इंग्रज योगशिक्षिका आहेत. त्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींकडे योग शिकल्या. लहानपणी झालेल्या एका शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या तळहातांना आणि तळपायांना घाम येत नसे. त्यामुळे ते कोरडे राहत आणि आसन करताना घसरत. १९८२ च्या सुमारास त्या जर्मनीत शिकवत असताना त्यांना गालिच्याखाली घालायचं एक चिकटसर कापड सापडलं. त्यांनी त्याचा तुकडा कापून आसनांसाठी वापरला. हात घसरेनात! त्यांच्या वडिलांनी ते बनवणाऱ्या कारखान्याशी संपर्क साधला आणि आसनांच्या मापाचे तुकडे विकायला सुरुवात केली. आज दुकानात जी चिकटसर योगा मॅट मिळते, तिचा जन्म हा असा. एका बाईंची अडचण, तिला सापडलेला उपाय आणि त्यातून जगभर गेलेली वस्तू!

एकच गुरू, दोन रीती

अय्यंगार गुरुजींचा जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी ते पार खंगले होते. त्यांच्या बहिणीचे यजमान कृष्णम्माचार्य हे मोठे योगगुरू. त्यांनी अय्यंगारांना योग शिकवला आणि १९३७ मध्ये पुण्याला पाठवलं. तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. पुढे ते पुण्याचेच झाले. आपल्या येरवड्यातून बंडगार्डनचा पूल ओलांडून शिवाजीनगरला गेलं की मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था आहे, १९७५ मध्ये सुरू झालेली. २०१४ मध्ये गुरुजी गेले, संस्थेचं काम चालू आहे.

त्यांच्या रीतीत आसन सावकाश करायचं, त्यात बराच वेळ स्थिर राहायचं आणि शरीराचा प्रत्येक भाग नेमका जागेवर आणायचा. कुणाचा हात जमिनीला पोचत नसेल तर ते हाताखाली लाकडी ठोकळा देत. पट्टा, दोर, लोड, खुर्ची, घडीचं ब्लँकेट, सगळं वापरत. माणसाने साधनासाठी शरीर ताणून घ्यायचं नाही, साधनाने माणसाला मदत करायची.

कृष्णम्माचार्यांचे दुसरे शिष्य म्हणजे म्हैसूरचे पट्टाभी जोइस. त्यांची रीत अगदी वेगळी. एका आसनातून दुसऱ्यात, श्वासाच्या तालावर, उड्या घेत जायचं. घामाच्या धारा लागतात! तिथे बरेच जण मॅटवर सुती सतरंजी अंथरतात, कारण ती घाम टिपते आणि सूत किंचित ओलं झालं की त्याची पकड वाढते.

पाहिलंत? गुरू एकच, पण शिष्यांच्या रीती दोन, म्हणून अंथरायच्या वस्तूही दोन. मग 'सगळ्यात चांगली मॅट कोणती' हा प्रश्नच चुकीचा नाही का? विचारायचं असं, 'मी जे करणार आहे त्याला कोणती मॅट चांगली?'

कशासाठी काय?

उभ्याने करायची आसनं, म्हणजे ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन. यांना पातळ, घट्ट आणि न घसरणारी मॅट हवी. तीन ते चार मिलिमीटर जाडी पुरे.

सूर्यनमस्कार. हे तर आपल्या महाराष्ट्राचे लाडके. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडून घालून घेत. (हे औंध सातारा जिल्ह्यातलं हं, पुण्यातलं नव्हे!) सूर्यनमस्कारांत तळहातांची पकड सगळ्यात महत्त्वाची. गुडघे टेकतात म्हणून जाडी चार-पाच मिलिमीटर असावी. घाम फार येत असेल तर वर सुती कापड घाला.

बैठी आसनं आणि प्राणायाम. इथे घसरण्याचा प्रश्न नाही, बसणं सुखाचं हवं. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात बसण्याचं आसन फार उंच नको, फार खाली नको असं सांगितलं आहे आणि खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र असे थर सांगितले आहेत. आज हरणाचं कातडं नकोच! आजीच्या गोधडीची चौकोनी घडी करा आणि तिच्या कडेवर बसा. पाठ आपोआप ताठ होते. वज्रासनात घोटे दुखत असतील तर घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा.

झोपून करायची आसनं, भुजंगासन, शलभासन, शवासन. इथे मॅट थोडी मऊ चालते, सहा मिलिमीटरची किंवा जास्त जाड. पावसाळ्यात फरशी गार असते, तेव्हा तर हवीच. (माझी जांभळी गादी आता शवासनाला कामी येते!)

आणि हे सगळं एकाच मॅटवर करायचं असेल तर? योग दिनाला तसंच असतं. उभं राहायचं, बसायचं, झोपायचं, पाऊण तासात सगळं. मग मधला मार्ग घ्यायचा. चार-पाच मिलिमीटरची घट्ट मॅट आणि जिथे टोचेल तिथे घडीचा टॉवेल. मऊपणा वरून घालता येतो, पण मऊ मॅटमधून मऊपणा काढून टाकता येत नाही!

एक मात्र लक्षात ठेवा. शीर्षासन, सर्वांगासन अशी आसनं शिक्षकांशिवाय करून बघायची नाहीत. मान जपणारी मॅट कुठल्याच दुकानात मिळत नाही.

दुकानात करायच्या तीन परीक्षा

पहिली, अंगठ्याची. मॅट टेबलावर ठेवून अंगठ्याने दाबा. अंगठा खालपर्यंत रुतला आणि टेबल लागलं, तर तिच्यावर तोल जाणार.

दुसरी, तळहाताची. मॅट जमिनीवर पसरा. तळहात टेकून पुढे रेटा. हात सरकतो का? मग बघा, मॅट सरकते का? दोन्ही जागीच हवेत.

तिसरी, लोटांगणाची. मॅटवर सरळ उताणे झोपा. लाजू नका! डोकं आणि टाचा दोन्ही मॅटवर राहून वीतभर जागा उरली पाहिजे. नेहमीची मॅट साधारण ६१ सेंटिमीटर रुंद आणि १७३ सेंटिमीटर लांब असते. तुम्हाला ती भरपूर होते. उंच बाबांना मात्र लांब मॅट बघावी लागेल.

आता कशाची घ्यायची? पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार. ती स्वस्त आणि टिकाऊ, पण फेकली की कुजत नाही. झाडाच्या चिकापासून केलेल्या नैसर्गिक रबराची पकड फार छान, पण ती जड असते, वास येतो, उन्हात खराब होते आणि काहींना त्या रबराची अ‍ॅलर्जी असते. टीपीई नावाची मॅट हलकी, शाळेत नेआण करायला सोयीची. सुती सतरंजी धुता येते, वर्षानुवर्षं टिकते, फक्त खाली जाळी हवी. प्लास्टिकची चटई मात्र गुळगुळीत असते, ती बसायला ठीक, सूर्यनमस्काराला नको.

मॅट मळली तर ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. ओली असताना गुंडाळली तर पावसाळ्यात बुरशी आलीच समजा. गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे पसरल्यावर कडा वर वळत नाहीत आणि पाय अडखळत नाही.

लाल दोऱ्याच्या फुल्या

आता आपल्या सतरंजीवाल्या मुलीकडे जाऊ. वीरभद्रासनात दोन पायांत किती अंतर ठेवायचं, हे तिला दरवेळी चुकायचं. कधी फार जवळ, कधी फार लांब. मी खडूने तिच्या सतरंजीवर दोन खुणा केल्या, 'एक पाय इथे, एक इथे.' ती सतरंजी गुंडाळून घरी घेऊन गेली.

२१ जूनला तिने सतरंजी पसरली आणि सगळा वर्ग तिच्याभोवती जमला. खडूच्या खुणांच्या जागी तिच्या आईने लाल दोऱ्याने दोन फुल्या विणल्या होत्या आणि कोपऱ्यात तिचं नाव. सांगायची गरजच नव्हती, पाय बरोबर फुल्यांवर पडत होते. गुलाबी मॅटवाली मुलं म्हणाली, "बाई, आम्हालापण फुल्या करून द्या ना!" मग काय, मधल्या सुट्टीत मी चिकटपट्टी घेऊन प्रत्येकाच्या मॅटवर त्याच्या त्याच्या पायांच्या मापाने खुणा करत बसले. नंतर पाहिलं, तर वर्गातल्या कुठल्याही दोन मॅटवरच्या खुणा सारख्या नव्हत्या.

मॅटवर नुसतं नाव छापलं की ती आपली होत नाही. तिच्यावर आपलं माप हवं, आणि ते घरच्या घरी करता येतं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

योग दिनाच्या आधी दुकानात गर्दी होते आणि मुलं हट्ट धरतात. घाईने घेऊ नका. घरात सुती सतरंजी असेल तर आधी ती जाळी घालून वापरून पाहा. मुलाला गोडी लागली की मग मॅट घ्या. मुलाने मॅट नाही म्हणून शाळा चुकवली, तर शिक्षकांना नक्की सांगा. आम्हाला कळत नसतं हो कधीकधी.

मी आता फळ्यावर वेगळं वाक्य लिहिते. 'शुक्रवारी सतरंजी किंवा मॅट, घरात असेल ते आणा. नसेल तर शाळेत आहे.' शाळेच्या कपाटात दहा सतरंज्या आणि त्यांच्या जाळ्या ठेवलेल्या आहेत. तीन-चार मुलं दरवर्षी त्या घेतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. तुमच्या अंथरणाच्या तिन्ही परीक्षा घ्या, वीरभद्रासनाचं तुमचं अंतर मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा.

आमच्या त्या मुलीने मोजलं. ती आता पाचवीत आहे. परवा वाटेत तिची आई भेटली. म्हणाली, "बाई, फुल्या उसवून चार बोटं पुढे घेतल्या. पोरगी वाढली ना!"

पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमच्या बाई